सांडपाणी पुन्हा वापरायचंय? सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा

विकसनशील देशांतल्या कितीतरी वस्त्यांमध्ये नळाला पाणी दिवसाआड येतं, गटार मात्र रोज वाहतं. घरात आलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के पाणी वापरून झाल्यावर बाहेर पडतं. पाऊस दगा देतो, विहीर आटते; हा स्रोत माणसं आहेत तोवर चालू राहतो. वस्तीची समिती, शाळा, वसतिगृह, छोटी नगरपालिका, शेतकऱ्यांचा गट असं कुणी या पाण्याकडे पहिल्यांदाच वळत असेल, तर कामाचा क्रम कसा लावावा ते इथे सांगतो.

आधी आवाका बघू. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ३५९ अब्ज घनमीटर सांडपाणी तयार होतं. त्यातलं ४८ टक्के कसलीही प्रक्रिया न होता सोडून दिलं जातं, आणि ठरवून पुन्हा वापरलं जातं ते जेमतेम ११ टक्के. न ठरवता होणारा वापर याहून कितीतरी मोठा आहे. शहरांच्या खालच्या अंगाला, सांडपाणी मिसळलेल्या नदी-नाल्यांवर भिजणारी जमीन २०१७ च्या एका अभ्यासात सुमारे ३.६ कोटी हेक्टर निघाली, आणि त्यातली बहुतेक अशा देशांत होती जिथे प्रक्रिया नावालाच होते. तेव्हा 'वापरावं की नको' हा वाद आता फारसा उरलेला नाही. वापर चालूच आहे, फक्त डोळे मिटून चालू आहे.

पायरी १: टंचाई कुठली आहे ते ओळखा

पाणी मुळातच कमी असणं वेगळं, आणि असलेलं पाणी घरापर्यंत न पोचणं वेगळं. पहिल्या प्रकारासाठी एक ढोबळ मोजपट्टी वापरतात: दरवर्षी माणशी १,७०० घनमीटरपेक्षा कमी पाणी उपलब्ध असेल तर ताण, १,००० च्या खाली टंचाई, ५०० च्या खाली तीव्र टंचाई. हे आकडे देश किंवा खोऱ्याच्या पातळीवर उपयोगी. तुमच्या वस्तीला त्यांचा थेट फायदा नाही.

वस्तीसाठी दोन प्रश्न पुरेत. पहिला, पाइपमधून किती गळतं? तिसरा हिस्सा वाटेतच जिरत असेल तर आधी गळती काढा. प्रक्रिया केंद्र उभारण्यापेक्षा ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं. दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: तुमच्या गटाराचं पाणी आज कुठे जातं, आणि खाली त्यावर कोण जगतं? ते पाणी तुम्ही अडवलंत तर नाल्याकाठच्या शेतकऱ्याचा पंप कोरडा पडेल. अशा वेळी तुम्ही नवं पाणी निर्माण केलेलं नसतं, दुसऱ्याच्या वाट्याचं उचललेलं असतं. त्या माणसाला पहिल्याच बैठकीला बोलवा.

पायरी २: पाणी कुणाला द्यायचं ते आधी ठरवा

सगळ्या लेखातली कळीची पायरी हीच. नवखे लोक यंत्रापासून सुरुवात करतात: कुठलं तंत्रज्ञान, कुठली कंपनी, किती क्षमता. मग केंद्र उभं राहतं, स्वच्छ पाणी बाहेर पडतं आणि परत नाल्यातच जातं, कारण ते घ्यायला कुणी नसतं. क्रम उलटा हवा. आधी घेणारा, मग त्याला लागणारा दर्जा, आणि त्या दर्जापुरतीच प्रक्रिया.

घेणारा बदलला की सगळं कसं बदलतं ते तीन ठिकाणी बघा. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान शहरात २००१ साली सुरू झालेला पुनर्वापर प्रकल्प रोज ४.७५ कोटी लिटरपर्यंत पाणी शुद्ध करू शकत होता. त्याचे मोठे गिऱ्हाईक दोन, कागद गिरणी आणि तेलशुद्धीकरण कारखाना. प्रक्रिया त्यांच्या गरजेप्रमाणे बेतलेली होती, आणि तेवढं पिण्याचं पाणी शहरासाठी मोकळं झालं.

नामिबियाची राजधानी विंडहुक तर १९६८ पासून सांडपाण्यापासून थेट पिण्याचं पाणी तयार करते. २००२ साली सुरू झालेल्या नव्या केंद्राची क्षमता रोज सुमारे २.१ कोटी लिटर आहे. तिथे एकामागून एक अनेक टप्प्यांची प्रक्रिया होते, सतत तपासणी चालते, तयार पाणी इतर स्रोतांच्या पाण्यात मिसळूनच नळाला जातं, आणि कारखान्यांचं सांडपाणी मुळातच या वाटेला येऊ देत नाहीत. एवढी शिस्त ज्यांना जमणार नाही त्यांनी पिण्याच्या पाण्याचा विचारही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं ठिकाण मेक्सिकोतलं मेस्कितालचं खोरं. मेक्सिको सिटीचं सांडपाणी तिथल्या शेतांना शंभराहून अधिक वर्षं मिळत आलं आहे. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, त्यामुळे कोरडवाहू भाग हिरवा झाला. त्याच शेतकरी कुटुंबांतल्या मुलांमध्ये जंत आणि जुलाबाचं प्रमाणही जास्त आढळलं. पुढे २०१७ मध्ये अतोतोनिल्कोचं प्रचंड प्रक्रिया केंद्र सुरू झालं तेव्हा शेतकऱ्यांची तक्रार काय होती? पाण्यातलं खत निघून जाईल! शेतीला द्यायच्या पाण्यातून जंतू काढायचे असतात, खत शक्यतो ठेवायचं असतं. पाणी नदीत सोडायचं असेल तर नेमकं उलट, कारण तिथे तेच खत शेवाळ आणि जलपर्णी पोसतं.

गिऱ्हाईक निवडताना सोपा क्रम असा: आधी बांधकाम, रस्त्यांवरची झाडं, चाऱ्याची आणि लाकडाची पिकं, मग फळझाडं, मग शौचालयाचं फ्लशिंग आणि कारखान्याचं कूलिंग, कच्च्या खायच्या भाज्या सगळ्यात शेवटी.

पायरी ३: किती आणि कसलं, ते मोजा

गटाराच्या तोंडाशी २० लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते बघा. ४० सेकंद लागले तर प्रवाह मिनिटाला ३० लिटर. हे सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर तासाला करा, निदान एका कामाच्या दिवशी आणि एका सुट्टीच्या दिवशी. सकाळी लोंढा येतो, दुपारी धार होते, रात्री थेंब. बादलीत न मावणाऱ्या मोठ्या गटारासाठी आडवी फळी लावून तिच्यातल्या व्ही आकाराच्या खाचेतून पाणी सोडतात आणि खाचेतल्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह काढतात.

आता एक हिशेब करू. वस्ती ५०० माणसांची, वापर माणशी ६० लिटर. बाहेर पडणारं पाणी साधारण ४८ लिटर माणशी, म्हणजे रोज २४,००० लिटर. पिकाला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं तर एका हेक्टरला ५०,००० लिटर हवेत. तुमच्या सगळ्या पाण्यावर जेमतेम अर्धा हेक्टर भिजेल. हा आकडा आधीच कळलेला बरा, नाहीतर सभेत पाच हेक्टरचं आश्वासन दिलं जातं. पावसाळ्यात शेताला पाणी नको असतं, गटार मात्र वाहतच राहतं. त्या महिन्यांचं पाणी कुठे साठवायचं किंवा सोडायचं तेही इथेच लिहून काढा.

प्रमाणाइतकाच महत्त्वाचा दाटपणा. सांडपाण्यातली घाण बीओडीत मोजतात. पाण्यातला सेंद्रिय मळ खाऊन संपवताना सूक्ष्मजीव जेवढा ऑक्सिजन वापरतात, त्याचा हा आकडा. पाठ्यपुस्तकात साध्या शहरी सांडपाण्यासाठी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम दिलेला असतो. पण तो भरपूर पाणी वापरणाऱ्या माणसांचा. पाणी कमी वापरलं म्हणून माणसाची घाण कमी होत नाही. माणशी रोज ४० ग्रॅम बीओडी धरा आणि ती ४८ लिटरमध्ये मिसळा: लिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर जाते! टंचाईच्या वस्तीचं सांडपाणी असं तिप्पट दाट निघतं, आणि लिटरच्या हिशेबाने घेतलेलं तयार केंद्र काही महिन्यांत गुदमरतं. विक्रेत्याला क्षमता किती लिटर हे विचाराच, त्याबरोबर रोज किती किलो बीओडी पेलेल हेही विचारा. आपल्या उदाहरणात उत्तर निदान २० किलो हवं.

पायरी ४: पाणी मिसळण्याआधी वेगळं करा

न्हाणीघर, कपडे धुणं आणि हात धुणं यांचं पाणी तुलनेने सौम्य असतं. शौचालयाचं मैलापाणी जंतूंनी भरलेलं. एकदा मिसळलं की सगळंच मैलापाणी. नवं बांधकाम असेल तर दोन स्वतंत्र पाइप टाकाच. नंतर फरशी फोडणं कुणालाच परवडत नाही. जुन्या घरात निदान न्हाणीघराचं पाणी वेगळं काढता येतं का ते बघा.

स्वयंपाकघराचं पाणी मधल्या वर्गातलं. त्यात तेल आणि अन्नकण असतात, म्हणून त्याच्या वाटेत तेल अडवणारी छोटी टाकी हवीच: पाणी वरून येतं, तेल तरंगतं, पाणी खालच्या बाजूने पुढे जातं. ती आठवड्याला साफ केली नाही तर नसल्यातच जमा. आणि बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी शौचालयाच्याच रांगेत जातं, न्हाणीघराच्या नाही.

हे सौम्य पाणी २४ तासांपेक्षा जास्त साठवू नका. ते सडतं, वास मारतं आणि त्यात जंतू वाढतात. घरगुती पातळीवर सगळ्यात साधा उपाय म्हणजे झाडाभोवती चर खणून त्यात लाकडाचा भुसा किंवा पालापाचोळा भरायचा आणि पाणी त्याच्या खाली सोडायचं. पाणी उघड्यावर दिसता कामा नये. डिटर्जंटमधलं सोडियम मात्र जमिनीत साठतं. माती घट्ट होऊन वर पांढरट पापुद्रा दिसू लागला तर त्या जागेला काही दिवस चांगलं पाणी द्या आणि सांडपाण्याची जागा बदला.

कारखाना, गॅरेज, रंगाई, कातडी कमावणं यांचं पाणी वस्तीच्या पाण्यात येऊ देऊ नका. जड धातू आणि रसायनं तळ्याने किंवा खडीने निघत नाहीत.

पायरी ५: प्रक्रिया निवडा

कुठल्याही पद्धतीत आधी जाळी (चिंध्या, प्लास्टिक), मग वाळू बसवणारी टाकी, मग गाळ बसवणारी टाकी. यात कुणाला रस नसतो, आणि बहुतेक केंद्रं इथेच तुंबतात. काचेच्या उभ्या बाटलीत सांडपाणी भरून तासभर ठेवा. तळाला किती काळा गाळ बसतो ते पाहिलं की पहिली टाकी का लागते हे समितीला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढे मुख्य वाटा अशा.

तळ्यांची माळ ही उष्ण प्रदेशातल्या छोट्या वस्तीसाठी माझी पहिली पसंती. पहिलं तळं २ ते ५ मीटर खोल, बिनहवेचं. त्यात गाळ कुजतो. दुसरं दीड-दोन मीटर, वर शेवाळ आणि खाली जीवाणू. तिसरं साधारण एक मीटरचं. तिथे ऊन आणि वेळ जंतू मारतात, आणि जंतांची अंडी आपल्या वजनाने तळाला बसतात. वीज नाही, यंत्र नाही. ५०० माणसांना अंदाजे १,००० चौरस मीटर जागा लागेल. तोटा असा की दिवसाला ६ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर त्या पृष्ठभागावरून रोज ६,००० लिटर उडतात, म्हणजे आपल्या पाण्याचा चौथा हिस्सा. मीठ मात्र मागेच राहतं, त्यामुळे खारटपणा तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. कोरड्या, वाऱ्याच्या भागात हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. याच तत्त्वावर मासेही पोसता येतात. पूर्व कोलकात्याच्या सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ भागात शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत सोडून पिढ्यान् पिढ्या मत्स्यशेती होते. २००२ मध्ये त्या भागाला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली.

खडी आणि झाडांचा वाफा म्हणजे अर्धा ते एक मीटर खोल खडी, तिच्यात पाणकणीस, बोरू किंवा कर्दळ, आणि पाणी खडीच्या आतून वाहणारं. वर पाणी दिसत नाही, त्यामुळे डासही कमी. आडव्या प्रवाहाच्या वाफ्याला संपूर्ण सांडपाण्यासाठी माणशी ५ ते १० चौरस मीटर जागा लागते. ५०० माणसांना पाव ते अर्धा हेक्टर झाला, म्हणजे भिजवायच्या शेताएवढाच वाफा! म्हणून ही पद्धत शाळा, वसतिगृह किंवा फक्त न्हाणीघराच्या पाण्यासाठी जास्त शोभते. पाणी आत शिरतं तिथली खडी आधी चोंदते. ती काढून धुवायची सोय पहिल्यापासून ठेवा.

जागा कमी असेल तर जमिनीखालच्या बिनहवेच्या टाक्या. आडभिंतींमुळे पाणी वर-खाली वळणं घेत गाळाच्या थरातून जातं. याच कुळातली मोठी टाकी, यूएएसबी (हिच्यात सांडपाणी खालून शिरून गाळाच्या थरातून वर चढतं), शहरी सांडपाण्यासाठी कोलंबियातल्या काली शहरात १९८३ साली चालवून पाहिली गेली आणि मग उष्ण देशांत पसरली. वीज जवळजवळ लागत नाही, पण जंतू फारसे मरत नाहीत. पुढे तळं किंवा वाफा जोडावाच लागतो.

हवा फुंकणारी यांत्रिक केंद्रं जागा थोडी घेतात आणि पाणी छान देतात. वीज गेली की त्यातले सूक्ष्मजीव मरू लागतात. दिवसाचे सहा तास भारनियमन असलेल्या गावात असं केंद्र घेणं म्हणजे शोभेची वस्तू घेणं.

पायरी ६: '९९ टक्के शुद्ध' या शब्दांना भुलू नका

कच्च्या सांडपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जीवाणू साधारण १ कोटी असतात. त्यातले ९९ टक्के मारले तरी १ लाख उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खायच्या पिकांसाठी घातलेली मर्यादा होती १०० मिलिलिटरमध्ये १,०००, आणि लिटरमागे जंताचं जास्तीत जास्त एक अंडं. तिथवर यायला ९९.९९ टक्के लागतात. पाणी नितळ दिसलं म्हणून ते सुरक्षित असतंच असं नाही.

त्याच संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनी गरीब वस्त्यांसाठी शहाणा रस्ता दाखवला. सगळा भार प्रक्रिया केंद्रावर न टाकता वाटेत अनेक अडसर उभे करायचे. कच्च्या पालेभाजीसाठी एकूण १० लाखपट घट हवी. त्यातली हजारपट तळ्यांनी साधली, तर उरलेली शेतात आणि घरात मिळवता येते: जमिनीपासून उंच धरणाऱ्या पिकाला ठिबकने पाणी दिलं तर १०,००० पटीपर्यंत, जमिनीलगतच्या पिकाला १०० पट, काढणीआधी पाणी तोडलं तर उन्हावाऱ्याने दर दिवशी तीनपटीपासून शंभरपटीपर्यंत, स्वच्छ पाण्याने धुतलं तर दहापट, साल काढली तर शंभरपट. शिजवलं तर प्रश्न जवळजवळ मिटतोच. एखादा अडसर कोसळला तरी बाकीचे उभे असतात. शेतात काम करणाऱ्यांना मात्र बूट, हातमोजे आणि वेळच्या वेळी जंताचं औषध लागतंच, कारण त्यांचा संबंध पाण्याशी थेट येतो.

क्लोरिन शेवटचा आणि तोही फक्त नितळ पाण्यात. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात, आणि सांडपाण्यातला अमोनिया क्लोरिन खाऊन टाकतो. जंतांच्या अंड्यांवर नेहमीच्या मात्रेचा काही परिणाम होत नाही. ती बसवून किंवा गाळूनच काढावी लागतात.

पायरी ७: पाइप वेगळा, रंग वेगळा

पुनर्वापराच्या पाइपला वेगळा रंग द्या (अनेक देशांत जांभळा वापरतात), नळाला काढता येणारी चावी ठेवा आणि 'पिऊ नका' हे चित्रासह लिहा, कारण मुलं पाटी वाचत नाहीत. पिण्याच्या पाण्याची लाइन या टाकीला कधीही थेट जोडू नका. भर घालायचीच वेळ आली तर पाणी वरून, मोकळ्या हवेतून पडू द्या, म्हणजे दाब उतरला तरी उलटं ओढलं जाणार नाही.

पायरी ८: गाळाचं आधी ठरवा

पाण्यातून काढलेली घाण गाळात जाऊन बसते, आणि जंतांची अंडीही तिथेच, महिनोन् महिने जिवंत. सेप्टिक टाकी दोन ते पाच वर्षांत उपसावी लागते. गाळ टाकीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला की वाट बघू नका. उपसलेला मैला कुठे जाणार हे गाडीवाल्याला न विचारता सोडलंत तर तो जवळच्या नाल्यात जाणार. वाळूच्या वाफ्यांवर गाळ सुकवा, मग काडीकचऱ्यासोबत ढिगात कुजवा. ढीग आतून ५५ अंशांच्या वर तापला पाहिजे आणि पुन्हा पुन्हा उलटून सगळा गाळ त्या उष्णतेतून गेला पाहिजे.

टाकीत किंवा मेनहोलमध्ये माणूस उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साठतो, आणि प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. एक जण कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. उपसा बाहेरून, यंत्रानेच.

पायरी ९: चालवणारा माणूस आणि वही

भारताच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात शहरी सांडपाणी रोज ७,२३,६८० लाख लिटर, उभारलेली प्रक्रिया क्षमता ३,१८,४१० लाख लिटर आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २,०२,३६० लाख लिटर असे आकडे आहेत. बांधलेल्या क्षमतेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग वापराविना. बांधकामाला निधी मिळतो, वीजबिल आणि पगार कुणाच्या खात्यातून जाणार हे ठरलेलं नसतं. म्हणून पाणी घेणाऱ्याशी लेखी करार करा: किती पाणी, कुठला दर्जा, दर काय, आणि दर्जा घसरला तर पुरवठा कोण बंद करणार.

रोजची वही साधी ठेवा. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं पाणी, काचेच्या बाटलीतला रंग आणि वास, जाळीतून काढलेला कचरा, काय बिघडलं आणि कधी दुरुस्त झालं. दुसरं तळं हिरवं असेल तर ठीक. ते गुलाबी किंवा करडं-काळं होऊ लागलं तर आत येणारी घाण त्याला झेपत नाहीये, पहिल्या तळ्यातला गाळ तपासा. महिन्यातून एकदा जीवाणूंसाठी आणि हंगामातून एकदा जंतांच्या अंड्यांसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवा. नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून, त्याच दिवशी पोचला पाहिजे. पहिले दोन-तीन अहवाल मर्यादेत आल्याशिवाय भाज्यांना पाणी सोडू नका; तोवर ते झाडांना आणि चाऱ्याला द्या.